चार वेळा काढलेला कोच

खेळाडूशी लग्न केलं की किस्से जमवावे लागत नाहीत, घरातल्या पसाऱ्यासारखे आपोआप वाढतात. माझा नवरा मंदार अमेरिकेत प्रोफेशनल बेसबॉल खेळायचा. इनफिल्डर. म्हणजे सरपटत येणारा बॉल उचलायचा आणि विचार न करता फेकायचा. आता सिडनीत एका युनिव्हर्सिटीच्या क्लबच्या टीमचा कोच आहे, आणि माझा जीव कायम टांगणीला!

लग्न ठरताना बाबांनी विचारलं, "बेसबॉल ठीक आहे, पण नोकरी काय?"

"हीच नोकरी, काका."

"आणि काढून टाकलं तर?"

"दरवर्षी काढतात!"

बाबा आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

तिकडे मॅनेजर ऑफिसात बोलावून "दार लावून घे" म्हणाला, की समजायचं, सामान आवरा. हे मला कुठे माहीत? लग्नानंतर पहिल्याच रात्री मी लाजत म्हटलं, "दार लावून घे ना." हा पांढराफटक!

एकदा ओट्यावरून कांदा घरंगळला. यानं झेप घेऊन उचलला आणि फेकला. थेट आईंच्या कढीत! वर म्हणतो, "थ्रो सरळ होता."

टीममध्ये सिडनीतल्याच कॅसल हिल भागातला ईशान, क्रिकेटवर वाढलेला. बॉल मारला आणि आरामात उभा.

"अरे, पळ!"

"No run there, coach."

"हे क्रिकेट नाही! इथे पळायचं की नाही, हे तुला कुणी विचारलेलं नाही!"

यंदा क्लबनं बजावलं, शुक्रवारपर्यंत टीम वीस जणांची करा, नाहीतर दुसरा कोच बघतो. एकच काढायचा उरला होता, ईशान. "फोनवर नाही सांगणार, घरी जाऊन सांगेन," हा म्हणाला. गेला. ईशानच्या आईनं, वैशालीताईंनी, साबुदाण्याची खिचडी वाढली. हा डबा घेऊन परत आला आणि ईशान टीममध्येच! मी अशी चिडले! नोकरी जायची वेळ आणि हा खिचडी खातोय!

शुक्रवारी मीच गाडी काढली आणि याला ईशानच्या घरी घेऊन गेले. ताईंनी ताट मांडलं, तोच यानं सांगून टाकलं, "ताई, ईशानला काढावं लागतंय. कसं वाटतं ते मला माहितीय. मला चार वेळा काढलंय."

ताईंचा चेहरा उतरला. ईशान वर खोलीत होता. त्यांनी विचारलं, "तुला काढलं तेव्हा घरी कोण होतं?"

"कुणी नाही. मोटेलमध्ये होतो."

ताईंनी त्याच्या ताटात भात वाढला आणि जिन्याकडे बघून हाक मारली,

"ईशान, खाली ये रे! कोच एकटा जेवतोय."