विचारून लावलेले फोटो

सुजाता गेल्याचं कळलं तेव्हा मी कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होते. तिच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "मॅडम, ताई गेली," म्हणाली. सकाळी उठून चहा ठेवला आणि ओट्यापाशीच खाली बसली, ती उठलीच नाही. वय एक्कावन्न. त्या दिवशी तिला एका डोहाळजेवणाचे फोटो काढायला जायचं होतं... आता दीड महिना होत आला.

सुजाता फोटोग्राफर होती. हळद, डोहाळजेवण, बारसं अशा बायकांच्या कार्यक्रमाला फोटो काढायला बाईच हवी असं ज्यांना वाटायचं, त्या सोलापुरात तिला शोधत यायच्या. माझ्या लेकीच्या बारशाला ती आली, तेव्हापासूनची आमची ओळख. आमच्या घरात निम्मं बोलणं कन्नडमध्ये. सासूबाई कॅमेरा दिसला की पदर सारखा करून ताठ उभ्या राहायच्या. सुजाता त्यांच्या कानाशी मोडक्या कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटली, त्या खदखदून हसल्या आणि तेवढ्यात फोटो निघालासुद्धा. काय बोललीस, विचारलं तर म्हणाली, "सुनेच्या हातची पोळी फुगते का, विचारलं." पुढं मैत्री घट्ट झाली, पण मला मॅडम म्हणायची तिची सवय सुटली नाही.

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी ती तावातावानं घरी आली. "मॅडम, मला वेबसाइट पाहिजे. एका मोठ्या कामासाठी गेले होते. तिथले लोक म्हणाले, तुमचं काम कुठं बघायला मिळेल? मी पिशवीतनं अल्बम काढले, तर हसायला लागले की." मी कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळं मला हुरूपच आला. मी तिला तीन मार्ग सांगितले. कुणा कंपनीला काम द्यायचं, नाहीतर इंटरनेटवरचा तयार साचा घेऊन त्यात फोटो बसवायचे, नाहीतर मीच साधी पानं लिहून द्यायची. माझा ओढा साच्याकडे होता. काळीभोर पार्श्वभूमी, पडदाभर पसरणारे फोटो... तिचेच दहा फोटो बसवून दाखवले. ती बघतच राहिली. मग तिनं पर्समधून आपला जुना फोन काढला. "ह्याच्यात लावा बघू." पानावर ते चक्र नुसतं फिरत राहिलं. आमचा चहा झाला, मी कप विसळून आले, तरी फिरतच होतं.

"माझ्या बायकांकडं असलेच फोन हायत," ती म्हणाली. "त्यांना दिसलं न्हाय तर काय उपयोग?"

"अगं, पण मोठं काम देणारे बघतील ना?"

"ते बी बघतील की. पान साधं असलं म्हणून फोटो बदलतोय व्हय?"

मग साधी पानंच ठरली. पांढऱ्या कागदासारखी, एकाखाली एक फोटो आणि खाली त्या बाईचं नाव. मी फोटो निवडायला बसले, तर तिनं माझा हात धरला. "आधी विचारून येऊ." कुणाला, म्हटलं. "ज्यांचे हायत त्यांना. त्यांनी मला फोटो काढू दिले, जगाला दाखवायला न्हाय." मला हे जरा अतीच वाटलं. चाळीसेक बायका, कुठं कुठं पांगलेल्या... पण सुट्टीच्या दिवशी मीही तिच्यासोबत जाऊ लागले. केमला रेल्वेनं गेलो. तिथल्या चंद्रभागाबाई शेतातून आल्या, हात पदराला पुसून सुजाताच्या फोनवरचा आपला फोटो लांब धरून न्याहाळत बसल्या. "टाक की," म्हणाल्या, "पण नाव सगळं लिही. चंदाबाई न्हाय, चंद्रभागा."

कुंभारीला मात्र वेगळंच घडलं. तिथल्या रेणुकाचा हळदीच्या दिवशीचा फोटो हा सुजातानं काढलेला सगळ्यात सुंदर फोटो होता. गालभर हळद, डोळे मिटलेले आणि हसू असं की बघणाऱ्यालाही हसू यावं. वेबसाइटच्या सुरुवातीला तोच घ्यायचं आमचं ठरलं होतं. गेलो तर कळलं, रेणुका नवऱ्याचं घर सोडून माहेरी परत आलीय. आम्ही छापून नेलेला फोटो तिनं बराच वेळ हातात धरला. "लई छान आलाय ताई. पण नको. लोक परत इचारत बसतील." मी पटकन म्हटलं, चेहरा ओळखू येणार नाही असं करता येईल. सुजातानं माझ्याकडं नुसतं बघितलं. मग रेणुकाला म्हणाली, "हा तुझा हाय. ठेव तुला." परतताना मी स्कूटीवर मागं बसून कुरकुरत होते. तुझा सगळ्यात चांगला फोटो होता तो, म्हटलं. "मला माहीत न्हाय व्हय?" ती म्हणाली.

वेबसाइट एकतीस फोटोंची झाली. ते मोठं काम दुसऱ्या कुणाला गेलं. पण चंद्रभागाबाईंच्या नातीनं ते पान गावभर दाखवलं आणि केममधून तीन बारशांची बोलावणी आली, हे सुजाता ज्याला त्याला सांगायची.

गेल्या आठवड्यात वेबसाइटच्या नावाची मुदत संपत आल्याची सूचना मला आली. बंद करायची की चालू ठेवायची, हे विचारायला मी होटगीला तिच्या घरी गेले. तिचे यजमान मिलिंदभाऊ तिथं रेल्वेत आहेत. नुकतेच ड्यूटीवरून आले होते, तरी टेबलावर सुजाताचा कॉम्प्युटर चालू होता. "फोन अजून येत्यात," ते म्हणाले. "ती गेली म्हणून सांगतो. परवा एक बाई रडायलाच लागली. तिची आई वारलीय, आईचा धड एक फोटो न्हाय घरात. सुजातानं कधीतरी हळदीत काढला होता म्हणाली. दोन दिवस लागले शोधायला, पण सापडला. पाठवून दिला."

मग त्यांनी वेबसाइट उघडली आणि वरच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं, 'बायकांच्या कार्यक्रमांचे फोटो काढून मिळतील.'

"तेवढी ओळ बदलता येईल का, मॅडम? बाकी सगळं ऱ्हाऊ द्या."

मी तिच्या खुर्चीत बसले. ते एकेक शब्द सांगत गेले आणि मी टाइप केलं, 'सुजातानं काढलेला तुमचा फोटो हवा असेल तर फोन करा. शोधून देऊ.'