विरजणाची वाटी

नव्या घरात पहिलं दूध तापवलं आणि लक्षात आलं, विरजण जुन्या घरीच राहिलं. सईची आठवी इथल्या शाळेत सुरू होणार, म्हणून तर आम्ही इकडे आलो. ती मात्र तोंड फुगवून बसलेली. तिच्याच हाती वाटी देऊन समोरच्या दारी धाडलं. चमचाभर दह्यासाठी गेलेली पोरगी तासाभराने हसत आली. समोरची मुलगीही आठवीतच निघाली.

सकाळी दही घट्ट लागलं होतं. एका चमच्याने पातेलंभर दुधाचा स्वभाव पालटतो, याचं मला अजून नवल वाटतं.

"आई, वाटी रिकामी परत द्यायची नसते ना?" सईने वाटीत दोन लाडू ठेवले.

"दोनच?"

"एक तिचा, एक माझा. तिथेच खाणार आहे."