मटारकाकूंचा बोर्ड

मटारकाकूंकडे रिकाम्या हातांनी बोलायची परवानगी नव्हती. मुलाखतीची तयारी करायला कुणीही येवो, तो बसायच्या आतच त्या स्टीलची परात पुढे सरकवायच्या. हिवाळ्यात मटार, उन्हाळ्यात लसूण. "हात गुंतले की तोंडाला नाटक जमत नाही," असं त्यांचं म्हणणं. पाठ केलेलं उत्तर सुरू झालं की सोलणाऱ्याची बोटं थांबतात, हे त्यांनी हेरलं होतं. बोटं थांबली की त्या चष्म्यावरून बघायच्या आणि एकच शब्द टाकायच्या, "म्हणजे?"

काकू माझ्या आईची मैत्रीण. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही शेजारी होतो. केंद्र सरकारात अधिकारी असताना भरतीच्या बोर्डांवर बसून त्यांनी उमेदवारांच्या पिढ्या पाहिल्या. लग्न केलं नव्हतं. निवृत्तीनंतर त्या जवळच मुनिरक्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या, आणि महाराष्ट्रातून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली पोरं कुणाच्या ना कुणाच्या ओळखीनं त्यांच्या बाल्कनीत पोचू लागली. सोललेल्या मटारांची उसळ खाल्ल्याशिवाय कुणाची सुटका नसे. मटारकाकू हे नाव त्या पोरांनीच ठेवलेलं.

सत्तेचाळिसाव्या वर्षी माझी गुरुग्राममधली नोकरी गेली, तेव्हा मीही त्या परातीशी जाऊन बसलो. परभणीचा एक मुलगा मला पाहून एकदम ताठ झाला.

"सर बोर्डावर असतात का?"

"छे रे, तुझ्यासारखाच बेरोजगार आहे," काकू म्हणाल्या. "शेंगा दे त्याला."

त्यांचा दुसरा नियम जास्त अवघड होता. तयार झालेलं उत्तर आधी घरच्या माणसाला द्यायचं, तेही मराठीत. त्या परभणीच्या मुलानं आमच्यासमोरच आईला फोन लावला आणि प्रशासनात का यायचंय ते सांगितलं, "तळागाळातल्या घटकांच्या सक्षमीकरणासाठी."

पलीकडून काळजीचा आवाज आला, "बरं हाय ना रं तुला? ताप तं नाही ना आला?"

आम्ही सगळे खो खो हसलो. तो लाजला, मग हळूच म्हणाला, "आई, रेशन कार्डावर तुझं नाव चुकलं होतं, तू किती हेलपाटे घातलेस. त्या खुर्चीत मला बसायचंय. बाईमाणसाला परत पाठवायचं नाही, म्हणून."

"मग असं सांग की," आई म्हणाली.

"शिजलं," काकूंनी निकाल दिला. पसंत पडलेल्या उत्तराला त्यांचा हाच एक शेरा असे.

मला नोएडातल्या एका कंपनीनं बोलावलं होतं. काकूंनी मला नेमका तोच प्रश्न विचारला, ज्याची मला धास्ती होती. मधले चार महिने काय करत होतात? मी उत्तर बांधूनच आणलं होतं, "स्वतंत्र सल्लागार म्हणून काही प्रकल्प पाहिले."

बोटं थांबली.

"म्हणजे?"

"काकू, सगळे असंच सांगतात."

"बिल्कुल सांगतात. मीच ऐकायचे ना समोर बसून. अच्छा चल, अनघाला फोन लाव. तिला दे हे उत्तर."

मी फोन काढला नाही. नोकरी गेल्याचं माझ्या बायकोला ठाऊकच नव्हतं. रोज सकाळी तिनं भरलेला डबा घेऊन मी मेट्रोत बसत होतो. मान खाली घालून मी ते सांगितलं, तेव्हा पोरांच्याही शेंगा हातातच राहिल्या. काकू रागावल्या नाहीत. माझ्यासमोरची परात तेवढी त्यांनी ओढून घेतली.

"आज तुझं सोलणं पुरे. घरी जा. बायकोला देता येत नाही ते उत्तर तू अनोळखी माणसांना काय देणार?"

घरी पोचलो तेव्हा अनघा चहा गाळत होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तिनं गाळणी ओट्यावर ठेवली. मग तिनं विचारलं, "डबा कुठे खायचास?"

"पार्कात. बाकावर."

"एवढ्या थंडीत?" एवढंच म्हणाली आणि ओट्याकडे तोंड करून रडली. पुढे आम्ही भांडलो, पुष्कळ बोलणं झालं. पण टोचतो तो हाच प्रश्न. अजूनही.

नोएडात मला विचारलं गेलंच. मी म्हणालो, "नोकरी शोधत होतो, आणि ती गेल्याचं घरी सांगायचं धैर्यही. धैर्य आधी सापडलं." ती नोकरी मिळाली नाही. काकूंना कळवलं तर त्यांनी विचारलं, "उत्तर शिजलं होतं ना?" मी हो म्हणालो. "मग झालं. भूक त्यांना नव्हती." पुढे फरिदाबादच्या एका लहान कंपनीनं मला घेतलं. तिथेही मी तेच उत्तर दिलं होतं.

गेल्या हिवाळ्यात काकूंनी दिल्ली सोडायचं ठरवलं. मी आवराआवरीला गेलो. घरभर खोकी होती, परात मात्र बाहेरच होती. आम्ही दोघं सोलायला बसलो.

"काकू, एकदम पुणं कसं काय?"

"भाची आहे तिकडे. हवा चांगली आहे. इथलं प्रदूषण बघतोस ना, यार."

त्यांची बोटं थांबली होती. इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. माझ्या तोंडून नकळत निघून गेलं, "म्हणजे?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. अर्धी उघडलेली शेंग हातातच होती.

"दिवाळीत बाथरूममध्ये पडले. दुपारपर्यंत उठता येईना. हाका मारल्या, कुणाला ऐकू गेल्या नाहीत." त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. "एकटीला भीती वाटते रे आता."

"भाचीला सांगितलंत हे?"

"तिला हवेचंच सांगितलंय."

मी परात माझ्याकडे ओढून घेतली आणि त्यांचा फोन त्यांच्यापुढे ठेवला. काकूंनी हातातली शेंग परातीत टाकली. मग पदराला हात पुसून त्यांनी फोन उचलला.

"लावते," त्या म्हणाल्या. "पण तू उठू नकोस. सोलत राहा."