कोमळवल्लीअक्कांचा खुनी डॉक्टर

२२ जानेवारी १९८९, रविवार. कुंभकोणमला दुपारच्या खेळाचं तिकीट दोन रुपये नव्वद पैसे. सिनेमा वेंगैनाथन यांच्या रहस्यकादंबरीवरचा. ती मी कोमळवल्लीअक्कांच्या वाचनालयातून पंच्याहत्तर पैसे भाड्यानं आधीच वाचली होती. पुस्तकात खुनी डॉक्टर होता, पडद्यावर मेहुणा निघाला.

घरी जाताना अक्कांच्या ओसरीवर थांबलो. वाचनालय तिथंच होतं.

“मेहुणा?” अक्कांनी चष्मा कपाळावर सरकवला. “डॉक्टर झालेला नट मोठा ना, सर? त्याला बेड्या घालायची यांची छाती कुठली. वेंगैनाथनची एक गोष्ट धड ठेवली नाही सिनेमावाल्यांनी.”

बाकावर निवृत्त पोस्टमास्तर राजप्पा पेपर वाचत होते. ते म्हणाले, “नाहीतर तुझ्या पुस्तकाची शेपटी उंदरानं खाल्ली असेल, अम्मा.”

हे अक्कांना लागलं. गावातल्या इतर वाचनालयांत शेवटची पानं हमखास गायब असायची. अक्कांकडे गोष्ट पुरी मिळते, या एका भरवशावर लोक येत. नवरा गेल्यावर त्याच भरवशावर त्यांनी दोन मुलींची लग्नं केली होती.

“एक पान जरी कमी निघालं, तर हे पुस्तक नेलेल्या प्रत्येकाचं भाडं परत करीन,” त्या म्हणाल्या.

पुस्तक म्हणजे साप्ताहिकात क्रमशः आलेली पानं. आमच्याकडे बायका ती दर आठवड्याला कापून ठेवत आणि कादंबरी संपली की बांधून घेत. ही अक्कांच्या आईनं जमवलेली. शेवटच्या पानावर डॉक्टरला बेड्या पडत होत्या. खालची कड बाइंडरनं सरळ कापली होती. तिथं ‘क्रमशः’ छापलेलं होतं का, हे आता कळण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वाचनालय बंद ठेवून अक्का मायवरमला आईकडे गेल्या. संध्याकाळी परतल्या आणि आम्हा दोघांसमोर एक पिवळा कागद उलगडला. वरच्या बाजूला ठिपक्यांची रांगोळी, मागच्या बाजूला कादंबरीचं शेवटचं प्रकरण. त्यात मेहुणा गुन्हा कबूल करत होता.

“पोंगलचा अंक,” अक्का म्हणाल्या. “आईनं दारात काढायला नमुना कापून ठेवला. म्हणते, रांगोळीच्या मागं काय छापलंय ते कोण बघतं?”

“म्हणजे उंदीर नव्हता,” राजप्पा म्हणाले.

“उंदीर असता तर पिंजरा लावला असता. आईला काय लावू?”

आईसाठी नमुना दुसऱ्या कागदावर उतरवून घेऊन अक्कांनी ते पान पुस्तकात चिकटवलं. मग जाऊन सिनेमा पाहिला.

“खुनी बरोबर आहे,” त्यांनी निकाल दिला. “पण पुस्तकात इन्स्पेक्टर बेड्या काढताना डॉक्टरची माफी मागतो. सिनेमात नुसता गाडीत बसून जातो. तेवढ्यासाठी पुस्तक वाचायलाच हवं.”

नंतरचे आठ-दहा दिवस त्या दारोदार जाऊन भाडं परत करत होत्या. लोक नको म्हणायचे. राजप्पांनीही हात मागे घेतला. “शेवट कळला ना आता? झालं तर.”

“तो तुम्हाला आधी सिनेमानं सांगितला, मामा. मी नाही सांगितला,” म्हणत अक्कांनी पैसे त्यांच्या खिशात घातले.

माझ्याकडे आल्या तेव्हा सुटे संपले होते. त्यांनी पन्नास पैसे दिले. पंचवीस पैसे अजून येणे आहेत.