शेवंताबाईंचा डबा

माझ्या मामांच्या पोटाचे टाके माझ्यामुळं उसवता उसवता राहिले.

साल सत्त्याण्णव. अपेंडिक्सचं ऑपरेशन होऊन तिसरा दिवस. डॉक्टर म्हणाले, "आता पातळ द्या. तिखट अजिबात नको." मी मलकापुरात बारावी शास्त्र झालेला माणूस, विचार करूनच निर्णय घेतला. तांबडा रस्सा तिखट, म्हणून तो बाद. पांढऱ्यात लाल चटणीचा कण नसतो, नारळाचं दूध असतं, शिवाय तो पातळच. कोपऱ्यावरच्या खानावळीतनं किटलीभर नेला. मामांनी दोन वाट्या संपवून तिसरी मागितली. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या, त्या जखमेवरची पट्टी ओली होईपर्यंत.

"कुठले तुम्ही?" डॉक्टरांनी मला विचारलं.

"शाहूवाडीकडचा."

"मग कोल्हापूरकरासारखं का वागताय?"

दवाखान्याचे चार दिवस वाढले आणि दोन आठवड्यांचं पथ्य दीड महिन्यावर गेलं. मऊ भात, मुगाच्या डाळीचं पाणी, पेज, ताक. चटणी, मटण, मसाला जिभेलाही लावायचा नाही.

दुसऱ्या कुणाला हे चाललं असतं. मामा म्हणजे बाबासो आचारी. तीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकींच्या लग्नात चुलीपुढं उभा राहिलेला माणूस, आणि तीन आठवड्यांवर स्वतःच्या लेकीचं, संघप्रियाचं लग्न. विहारात लग्न लागल्यावर दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना मटणाचं जेवण, आणि ते आपल्याच हातचं, ही त्यांची जुनी हौस. पण मामा पळीतला थेंब तळहातावर घेऊन चाटल्याशिवाय हंड्यात मीठ टाकत नसत. आता चाटायचं कसं?

मामी लग्नाच्या धांदलीत असल्यानं पेज यायची शेजारच्या शेवंताबाईंकडून. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदा-लसूणसुद्धा नाही. सकाळ-संध्याकाळ त्यांचा स्टीलचा डबा हजर.

"प्या बाबासो, गरम हाय तवर."

"शेवंताक्का, ह्यात काय घातलंय?"

"तांदूळ, पाणी आन् मीठ."

"मग डब्यात घालून कशाला आणता? नळाखाली बसतो की मी!"

शेवंताबाई हसायच्या आणि पेज संपेपर्यंत उठायच्या नाहीत. त्या गेल्या की तोफ माझ्याकडं वळायची. "आरं, मारायचंच हुतं तर मारायचं. त्यो रस्सा तरी माझ्या हातचा आणायचा हुतास."

"तुमी खाटंवर हुता की मामा."

"बोलू नगंस!"

जेवणाच्या दिवशी मामा पहाटे पोटाला पट्टा आवळून चुलीपुढं खुर्ची टाकून बसले. चटणी किती, कांदा कधी, सगळं नजरेनं आणि नाकानं. फक्त जीभ माझी. प्रायश्चित्त म्हणून मला तिथं उभं केलं होतं.

"चाट."

चाटलं.

"मीठ?"

"जरा पायजे."

मामांनी मूठ टाकली. पुन्हा चाट. तिसऱ्या हंड्यापर्यंत माझी जीभ भाजून सालटासारखी झाली होती. मीठ कळत नव्हतं, तिखट कळत नव्हतं, नुसती आग. खरं सांगितलं तर दुसऱ्या कुणाला उभं करतील आणि पुन्हा त्या पांढऱ्या रश्श्याचा विषय निघेल, या भीतीनं मी म्हणालो, "फस्क्लास हाय मामा. एकदम बरोबर."

मामांनी माझ्या तोंडाकडं बघितलं. हात मिठाच्या डब्यावर थांबला. मग झाकण लावलं.

पहिल्या दोन पंगती वाटी वाटी मागत उठल्या. तिसऱ्या हंड्यावर तिसरी पंगत बसली आणि कबनूरहून आलेले एक पाहुणे मांडव दणाणेल असे ओरडले, "ओ पावणं, मीठ फिरवा की जरा!"

आचाऱ्याच्या मांडवात मीठ फिरवायला लागणं म्हणजे काय, ते आमच्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मीठ घेऊन मीच फिरलो. परत आलो तर खुर्ची रिकामी.

मामा मांडवामागं लाकडाच्या ढिगाऱ्यावर बसले होते. मांडीवर शेवंताबाईंचा डबा. पेज गार होऊन वर साय धरली होती. पट्ट्यावरनं हात फिरवत ते सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. मला वाटलं आता तोफ सुटणार.

"चाटून बघ," म्हणाले.

डब्याच्या कडेला बोट लावून मी चाटलं.

"ह्यात मीठ बरोबर हाय," मामा म्हणाले. "त्या बाईनं तीन आठवडं एकदाबी चुकवलं न्हाय. आन् मी तिला नळाखाली बसतो म्हणालो."

त्या दिवसापासून पेजेला त्यांनी नाव ठेवलं नाही. दीड महिना सरला, पथ्य सुटलं, मामा पुन्हा जत्रांना जायला लागले. डबा तेवढा आमच्याकडं राहिला. शेजारणीचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो, आणि मामांची जिद्द अशी की भरायचा तो आपल्याच हातच्या जिनसानं. पण माळकरी बाईला चालेल असं मटण अजून कुणी शिजवलेलं नाही. एकदा वरण केलं. मामांनी सवयीनं वरनं लसणाची फोडणी ओतली. ते मीच खाल्लं.

झाकणावर 'शेवंता' असं कोरलेला तो डबा अजून फळीवर आहे. बाई दारावरनं जाताना हाळी देतात.

"बाबासो, डबा?"

"भरून देतो की अक्का!"