बारा मीटरचा ठिपका

बद्रीनाथ भरवसा ठेवायचा तो फक्त हात लावून बघितलेल्या वस्तूवर. हसनाबादहून जालन्याच्या सळई कारखान्यात येऊन क्रेनच्या केबिनमध्ये बसायला लागला, त्याला बावीस वर्षं झाली. पण रोज ब्रेक तपासल्याशिवाय चहाचा घोट घेत नाही. बायको गोजरबाई म्हणते, "सोयरीक बघाया गेला तरी हा मानूस आधी घराचं छत बघतो."

माणसांत एकच अपवाद, कचरू. तो खाली उभा राहून लोकांना बाजूला सारायचा, हातानं इशारा द्यायचा, तेव्हाच वर बद्रीनाथ सळयांचा भारा हलवायचा.

आता व्यवस्थापक अण्णासाहेबांनी जाहीर केलं होतं: सोमवारपासून कचरू गेटवर. प्रत्येकाच्या हेल्मेटला जागा कळवणारा बिल्ला, क्रेनच्या हुकालाही तसाच बिल्ला. भाऱ्याखाली माणूस आला, की संगणक सायरन वाजवील.

"आमच्यावर पाळत ठेवून राह्यले तुमी," संगणक बसवायला आलेल्या चिन्मयीला बद्रीनाथ तोंडावर म्हणाला. "कोन किती येळ मुतायला जातो, ते मोजाया!"

"नाही हो काका! हे बघा, अख्खी शेड म्हणजे एक मोठा डबा. त्याचे आठ डबे केले, चार खाली, चार वर. जिथं गर्दी, त्या डब्याचे परत आठ. भारा कुठल्या डब्यात, ते बघायचं आणि माणूस फक्त त्यात आणि शेजारच्या डब्यांत शोधायचा. सगळी शेड धुंडाळत बसायची गरजच नाही."

"अन् भारा हलला की?"

"जुन्या डब्यातून नाव पुसायचं, नव्यात लिहायचं. सेकंदाला वीस वेळा."

बद्रीनाथनं डोळे बारीक केले. संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवलं. "ह्यो ठिपका काय?"

"तुमचा भारा."

"मॅडम, माझा भारा बारा मीटरचा हाय."

"तो... हुकाखालचा मधला बिंदू आहे." चिन्मयीचा आवाज जरा उतरला.

"कचऱ्या!" बद्रीनाथ ओरडला. "तुझं हेल्मेट त्या उभ्या बांबूवर अडकव, अन् लांब हो. बिलकुल लांब!"

"आता बांबू माझ्या जागी, अन् मी गेटवर व्हय रे?" कुरकुरत कचरूनं हेल्मेट अडकवलं.

बद्रीनाथ वर चढला. सगळी शेड रिकामी करून घेतली, भारा उचलला आणि हळूहळू फिरवला. हुक तिकडं लांब, टोक मात्र बांबूकडं. टोक हेल्मेटवर आदळलं. बांबू आडवा झाला. हेल्मेट गडगडत भिंतीपाशी गेलं.

सायरन गप्प.

भारा खाली टेकल्यावर चिन्मयीनं जाऊन हेल्मेट उचललं.

"मी भारा एकाच डब्यात लिहिला," ती खाली उतरलेल्या बद्रीनाथला म्हणाली. "तो ज्या ज्या डब्यांना शिवतो, त्या सगळ्यांत लिहायला हवा होता."

अण्णासाहेब आवाज ऐकून आले होते. "मग लिहा की. सोमवार गाठायचाय आपल्याला."

"नाही साहेब. भाऱ्याच्या दोन्ही टोकांना बिल्ले लागतील, मग परत चाचणी. तोवर यंत्रणा सुरू करायच्या कागदावर मी सही करणार नाही. कचरूकाका खालीच राहतील."

अण्णासाहेब दोघांकडं आळीपाळीनं बघून निघून गेले.

"हे आधी कामून सुचलं न्हाई?" बद्रीनाथचा संशय काही सरेना.

"मी भारा फिरताना कधी वरून बघितलाच नव्हता, काका."

"मंग चला वर." तो शिडीकडं वळला आणि लगेच थांबला. "पर आधी कठडा हलवून बघा. मी म्हनलो म्हनून भरवसा ठेवू नका."