तीखोनच्या सिल्वियाचा खरा आकडा

व्लादिवोस्तोकच्या टेकडीवर जुन्या गाड्यांचा बाजार भरतो. तिथं तीखोन साव्विचला न ओळखणारा माणूस शोधून सापडायचा नाही. जहाजातून उतरलेल्या जपानी गाड्यांचं वय कमी करून देणं हा त्याचा धंदा. दीड लाख किलोमीटर धावून आलेली गाडी त्याच्या गॅरेजात शिरायची आणि मीटर मागे फिरवून चहा होईतो साठ हजार किलोमीटरची होऊन बाहेर पडायची. तीस वर्षं हेच केलं त्यानं, आणि लाज म्हणाल तर कधी वाटली नाही. का वाटावी? सगळा बाजारच तसा.

आता डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरनं गाडी चालवायला सक्त मनाई केली, म्हणून त्यानं स्वतःची सिल्विया विकायला काढली. दोन दारांची, बुटकी, पळायला नुसता वारा. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात म्हणून ती बाहेर काढायची नाही. उन्हाळ्यात रविवारी समुद्रावर न्यायची नि परत आणून पुसून ठेवायची. मीटरवर एकोणीस हजार. आणि गंमत म्हणजे हे एकोणीस हजार अस्सल! त्या मीटरला त्यानं उभ्या जन्मात हात लावला नव्हता. किमतीचं काय, दोन पैसे इकडे-तिकडे चाललं असतं. घेणाऱ्यानं आकडा खरा मानून गाडी न्यावी, एवढीच त्याची इच्छा.

पहिला आला तो टॅक्सीवाला. मीटर बघून म्हणाला, "वा काका! हात अजून शाबूत आहे तुमचा!"

"अरे, खरा आकडा आहे तो."

"हो हो, आणि मी पाद्री आहे."

दुसऱ्याला त्यानं जपानमधल्या लिलावाचा, तेव्हाचा आकडा नोंदलेला कागद दाखवला. तो हसत सुटला. "कागद तुमच्याच प्रिंटरवर निघतो की! माझ्या गाडीचा निघालाय."

असा सगळा उन्हाळा गेला. आलेल्या प्रत्येकानं कारागिरीचं कौतुक केलं आणि पाठ फिरवली. तेवढ्यात नव्या रस्त्यासाठी गॅरेजं पाडायची नोटीस आली. म्हणजे सिल्विया उघड्यावर, मिठात गंजणार.

बायको झिना म्हणाली, "किती दिवस रुसून बसणार आहेस, तीशा? लाखाच्या घरात ने तो आकडा. आठवड्यात जाईल गाडी."

"खऱ्याचं खोटं करू?"

"मग तीस वर्षं काय भजनं म्हणत होतास?"

दुसऱ्या दिवशी त्यानं मीटर उघडला. सवयीचं काम, पण स्क्रू नीट दिसेना आणि हात काही केल्या वळेना. शेवटी चौऱ्याण्णव हजारांवर आणून त्यानं झाकण बसवलं.

तिसऱ्या दिवशी नाखोदका बंदरावर क्रेन चालवणारी उल्याना आली. तिनं गाडीखाली वाकून पाहिलं, आसन चाचपलं, पेडलवरून बोट फिरवलं. "चौऱ्याण्णव हजार चालूनही पेडल कोरं करकरीत! काय जपलीत हो काका!" आणि तिथंच तिनं वडिलांना फोन लावला. "बाबा, घेतेय मी. अहो, या बाजारातला माणूस आणि आकडा सरळ दाखवतोय! दुसऱ्यानं चाळीस करून ठेवला असता. देवमाणूस भेटला."

तीखोनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पोरी, ऐक, खरं म्हणजे..."

"काही सांगू नका. तुमच्यावर विश्वास आहे माझा."

त्यानं किल्ली तिच्या हातावर ठेवली. सिल्विया उतारावरून वळून दिसेनाशी झाली.

जेवताना झिनानं विचारलं, "बसला ना विश्वास?"

"बसला," तीखोन म्हणाला. सूप निवत चाललं होतं, चमच्याला त्यानं हात लावला नव्हता. "आता खरं सांगायला गेलो तर तेवढाही उडेल."